छेद कोण मोजणार?

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीकडच्या एक डॉक्टर मॅडम सीमाभागातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ओबीजी, म्हणजे प्रसूती-स्त्रीरोग विभागात असोसिएट प्रोफेसर आहेत. दहा वर्षांत ११ पेपर, एच-इंडेक्स ५, म्हणजे पाच पेपरांना प्रत्येकी किमान पाच सायटेशन (इतरांच्या लेखांतले उल्लेख). यंदा महाविद्यालयाने ‘संशोधन उत्पादकता’ मोजायला एक तक्ता आणलाय: प्रत्येक पेपरला त्या जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरएवढे (तिथल्या लेखांना मिळणाऱ्या सरासरी सायटेशनएवढे) गुण, शिवाय एच-इंडेक्सच्या दहापट गुण. या हिशोबात बायोकेमिस्ट्रीतल्या सहकाऱ्याला मॅडमच्या तिप्पट गुण पडले. त्या विचारतात, हे माप बरोबर आहे का, नसेल तर बरोबर कोणतं, आणि समितीपुढे काय मांडायचं?

मॅडम, तक्ता दोनदा वाचला. त्यात बेरीज आहे, गुणाकार आहे, भागाकार मात्र कुठेच नाही. घोळ तिथंच आहे. उत्पादकता हा अपूर्णांक असतो, वर अंश आणि खाली छेद. एकरी किती पोती निघाली हे विचारल्याशिवाय आपल्याकडे कुणी कुणाला चांगला शेतकरी म्हणत नाही. नुसती पोती मोजली तर ज्याची जमीन जास्त तोच दरवर्षी पहिला येणार की. प्राध्यापकांच्या बाबतीत आपण पोती मोजतो आणि सातबारा बघतच नाही.

मी कम्युनिटी मेडिसिनचा माणूस. तीसएक वर्षं बेळगाव परिसरात शिकवलं. त्यातली बरीच वर्षं प्रमोशनच्या समित्यांवर बसलो, आणि सांख्यिकी येते म्हणून इतर विभागांना आकडेमोड करून देत राहिलो. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी चहा प्यायलाय. छेदाकडे येतोच, पण आधी अंश बघू. समितीला तीच भाषा कळते, आणि तिथंही तुमच्या तक्त्यात चुका आहेत.

तुमचेच ११ पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावले: ४१, १९, ९, ६, ५, ३, २, १ आणि पुढे तीन शून्यं. पाचव्या पेपरला ५ सायटेशन आहेत, सहाव्याला ३च. म्हणून एच-इंडेक्स ५. हे माप २००५ मध्ये सॅन दिएगोच्या जॉर्ज हिर्श यांनी सुचवलं. ते भौतिकशास्त्रज्ञ. स्वतःच्या विषयापुरता त्यांनी अंदाजही दिला होता, असोसिएट प्रोफेसरला १२च्या आसपास, प्रोफेसरला १८च्या आसपास. भौतिकशास्त्रातला तो १८चा आकडा मी आमच्या भागातल्या एका समितीत ‘आंतरराष्ट्रीय निकष’ म्हणून मांडलेला ऐकलाय, तोही ऑर्थोपेडिक्सच्या माणसासाठी.

या मापाला दोन खोडी आहेत. एक, ते कधी खाली येत नाही. माणूस दहा वर्षं हातावर हात ठेवून बसला तरी जुने पेपर ते वाढवत राहतात. दुसरी खोड तुम्हाला जास्त भोवते: तुमच्या ४१ सायटेशनच्या पेपरची किंमत इथं ५ सायटेशनच्या पेपरएवढीच. उद्या त्याला ४०० सायटेशन झाली तरी एच-इंडेक्स ५च. ही त्रुटी भरायला लिओ एगे यांनी २००६ मध्ये जी-इंडेक्स काढला. वरच्या जितक्या पेपरांच्या सायटेशनची बेरीज त्या संख्येच्या वर्गाएवढी किंवा त्याहून जास्त भरते, ती संख्या म्हणजे जी. तुमच्या पहिल्या नऊ पेपरांची बेरीज ८६, नऊचा वर्ग ८१, म्हणून जी-इंडेक्स ९. गूगल स्कॉलरचा आय-टेन घेतला, म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशनचे पेपर, तर तुमचे २. हिर्श यांनीच एचला कारकिर्दीच्या वर्षांनी भागायलाही सांगितलं होतं. तुमचं ते ५ भागिले १०, म्हणजे ०.५. मापं चार, आकडे चार, डॉक्टर एकच. गंमत म्हणजे छेद असलेलं माप यांत एकच आहे, आणि नेमकं तेच मी कुठल्या महाविद्यालयाच्या तक्त्यात बघितलेलं नाही.

एच-इंडेक्स कुठून काढला हेही विचारा. गूगल स्कॉलर थिसिस, परिषदांचे गोषवारे, सगळं गोळा करतं, त्यामुळे तिथला आकडा बहुतेक वेळा स्कोपस या निवडक जर्नलांच्या डेटाबेसपेक्षा मोठा असतो. एकाचा गूगल स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेतला तर ती तुलना म्हणजे एकाला शेरात आणि दुसऱ्याला किलोत तोलणं झालं. सगळ्यांसाठी एकच डेटाबेस आणि एकच तारीख, एवढी मागणी तरी लेखी करा. त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथं वादच नाही. ते मासिकाचं माप आहे, पेपरचं नव्हे आणि माणसाचं तर नव्हेच. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या, बस्स. यूजीन गारफील्ड यांच्या या कल्पनेचा ग्रंथालयांना उपयोग झाला, कुठलं जर्नल मागवायचं हे ठरवायला. एखाद्या जर्नलची बहुतेक सायटेशन मूठभर लेख खेचून आणतात. बाकीचे लेख त्यांच्या सावलीत बसतात. तुमचा ४१ सायटेशनचा पेपर ज्या भारतीय जर्नलमध्ये आला, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर एकाच्या आत आहे, म्हणून तक्त्यात त्याला एक गुणही नाही. त्याच वेळी मोठ्या जर्नलमधल्या, कुणीही न वाचलेल्या पेपरला सहा. माणसांचं मूल्यमापन जर्नलच्या आकड्यावर करू नका हे सान फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्यात, ज्याला ‘डोरा’ म्हणतात, २०१३ पासून लिहिलेलं आहे. तुमच्या संस्थेने त्यावर सही केली आहे का, तेवढं डोराच्या संकेतस्थळावर बघून घ्या. केली असेल तर तुमचं अर्धं काम तिथंच झालं.

आता विषयाचा फरक. बायोकेमिस्ट्री आणि प्रसूतिशास्त्र यांत सायटेशनचं हवामानच वेगळं. एका विषयात दर पेपरला पुष्कळ संदर्भ द्यायची रीत, दुसऱ्यात कमी. जिथं संदर्भ जास्त दिले जातात तिथं मिळतातही जास्त. यावर फुकट उपाय आहे. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं ‘आयसाइट’ नावाचं साधन पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतल्या पेपरचं ‘रिलेटिव्ह सायटेशन रेशो’ काढून देतं. पेपरची तुलना त्याच्याच क्षेत्रातल्या पेपरांशी होते, आणि एनआयएचच्या पैशातून झालेल्या कामाचा मधला पेपर म्हणजे १. पबमेड क्रमांक टाका, आकडा येतो. तुमचा रक्तक्षयाचा पेपर त्यात घालून बघाच.

तुमच्या प्रोफाइलबद्दल एक गोष्ट सांगतो. ही आपल्या सीमाभागाची खास दुखणी आहेत, दिल्ली-मुंबईच्या लोकांना कळत नाहीत. कर्नाटकी पद्धतीत आद्याक्षरं आधी, कधी गावाचं, कधी वडिलांचं. महाराष्ट्राच्या पद्धतीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. तोच माणूस एका पेपरवर ‘एस. बी. पाटील’, दुसऱ्यावर ‘पाटील शिवाजी’, तिसऱ्यावर नुसता ‘शिवाजी बी.’. तुमचे पहिले दोन पेपर माहेरच्या आडनावाने आहेत; स्कोपसच्या लेखी ती बाईच वेगळी. त्यात २०१४ मध्ये सरकारी इंग्रजीत ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालं, आणि पत्त्याच्या स्पेलिंगसकट काहींची प्रोफाइलं दुभंगली. माझ्या स्वतःच्या प्रोफाइलवर तीन वर्षं उसाच्या खोडकिडीवरचे दोन पेपर होते. माझ्याच नावाचे कुणी कृषी शास्त्रज्ञ असणार. खोटं कशाला बोलू, त्यांची सायटेशन चांगली होती, काढून टाकताना जिवावर आलं. तुम्ही आधी ऑर्किड हा संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक घ्या, दोन्ही आडनावं त्यात नोंदवा आणि स्कोपसला प्रोफाइल एकत्र करायची विनंती पाठवा. तुमचा एच ५ आहे की ६, हे त्यानंतरच कळेल.

सहकाऱ्याच्या बाजूनेही एक तपासणी हवी. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’सारख्या अभ्यासांच्या पेपरवर हजाराच्या वर सहलेखक असतात आणि सायटेशनही हजारोंनी. तशा चार-पाच पेपरांत नाव असलं की एच-इंडेक्स लगेच वर जातो. त्यात लबाडी नाही, पण एका पेपरचं श्रेय हजार जणांना पूर्णच्या पूर्ण वाटायचं, हा हिशोब कुठल्या वाटणीपत्रात बसतो? स्टॅनफर्डच्या जॉन इओनिडिस यांनी म्हणूनच आपल्या एकत्रित निर्देशांकात एकट्याने लिहिलेले, पहिल्या आणि शेवटच्या नावाचे पेपर वेगळे धरले. त्या निर्देशांकावरून दरवर्षी शास्त्रज्ञांची यादी निघते, तिचेच ‘जगातील दोन टक्के शास्त्रज्ञांत आमचे सर’ असे फ्लेक्स गावात चौकाचौकात लागतात. यादी वाईट नाही. फ्लेक्सवर मात्र यादीतला स्तंभ कुणी छापत नाही, त्या एका वर्षाचा की सगळ्या कारकिर्दीचा.

नियमांकडे येतो, कारण तुमच्या महाविद्यालयाचा तक्ता आभाळातून पडलेला नाही. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांची २००५ ते २०१४ ची मोजणी छापली. ३३२ संस्थांच्या नावावर त्या दहा वर्षांत स्कोपसमध्ये एकही पेपर नव्हता. वर्षाला शंभराच्या वर पेपर देणाऱ्या संस्था फक्त २५. हे वाचल्यावर प्राध्यापकांनी संशोधन करावं म्हणून नियम करणाऱ्यांना दोष देता येत नाही. दोष नियमाच्या घडणीत होता. २०१५ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने परिपत्रक काढलं: मूळ संशोधनाचेच पेपर धरायचे, पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय, ई-जर्नल चालणार नाही. मान्य सूच्यांत ‘इंडेक्स मेडिकस’चं नाव होतं, जी २००४ मध्येच छापायची बंद झाली होती. सगळं जग कागद सोडून पडद्यावर गेलं तेव्हा आपण पडदा सोडून कागदावर गेलो. २०२० च्या दुरुस्तीत पहिले तीन लेखक किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक, मेटा-अॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, केस सिरीज असं थोडं मोकळं झालं, आणि बायोमेडिकल रिसर्चचा प्राथमिक कोर्सही आला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कौन्सिल गेली आणि नॅशनल मेडिकल कमिशन आलं. नियम तेव्हापासूनही बदलत आलेत. प्रमोशनच्या आधी चालू राजपत्र स्वतः उघडून वाचा, कार्यालयातल्या झेरॉक्सवर जाऊ नका.

पहिल्या दोन नावांच्या नियमाने काय केलं, हे पीजींना विचारा. डिझर्टेशनचा पेपर निघाला की पहिलं नाव विद्यार्थ्याचं, दुसरं गाइडचं. को-गाइड, आकडेमोड करणारा, स्लाइड वाचणारा पॅथॉलॉजिस्ट, सगळे बाहेर. तिसऱ्या नावाला किंमतच नसेल तर तिसरा माणूस रात्रपाळीनंतर तुमच्या स्लाइड कशाला बघेल? दोन विभागांनी मिळून काम करायची सवय मोडली, आणि आपल्यासारख्या ठिकाणी एकट्या विभागाच्या अंगात तेवढं बळ नसतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या गावांत एक चाचणी केली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायला मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या तोंडाने द्यायच्या. देणाऱ्या एएनएम, म्हणजे गावच्या परिचारिका-सुईणी, जागा घर किंवा उपकेंद्र. १,६२० बायका. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं, म्हणजे दर १८ बायकांना औषध दिल्यावर एकीचा रक्तस्राव टळला. पेपर २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. बेळगावच्या खेड्यांत सुई-सलाइनशिवाय बाळंत होणाऱ्या बायकांमुळे जगातल्या तशाच बायकांना गोळी मिळाली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता हा पेपर तुमच्या तक्त्यात घाला. एच-इंडेक्समध्ये त्याची भर एक. पहिलं नाव रिचर्ड डरमन यांचं, दुसरं बी. एस. कोडकणी यांचं, तिसऱ्या जागी शिवप्रसाद गौडर, पुढे बेळगावचेच आणखी. २०१५ चा नियम तेव्हा असता तर तिसऱ्या नावापासून सगळ्यांना भोपळा. गावोगाव फिरून त्या एएनएमना शिकवणाऱ्यांना तर कुठलाच रकाना नाही.

त्याच कामातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती मापाबद्दलच आहे. रक्त किती गेलं हे कळल्याशिवाय औषधाचा गुण कसा कळणार? डोळ्यांच्या अंदाजावर भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी एक साधी प्लास्टिकची चादर केली, खाली आकडे छापलेली निमुळती पिशवी. बाळंतिणीच्या खाली पसरायची, रक्त पिशवीत उतरतं, आकडा वाचायचा. चादर आणि नजर यांची तुलना केली तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एकतृतीयांशाने कमी भरला.  अशाच मोजणीच्या चादरीचा वापर पुढे आफ्रिकेतल्या चार देशांच्या ८० रुग्णालयांत झालेल्या, २०२३ मध्ये छापून आलेल्या, याच रक्तस्रावावरच्या ई-मोटिव्ह चाचणीत झाला. त्या चादरीची आठवण मला समितीच्या बैठकीत हमखास येते. रक्त मोजताना आपण नजरेवर विसंबलो नाही, आणि माणूस मोजताना अर्ध्या तासात पन्नास अर्ज डोळ्यांखालून घालतो.

आता छेद. तुमच्या आणि सहकाऱ्याच्या आठवड्याची तुलना करा. तुमच्या आठवड्यात ओपीडी, ऑपरेशन, लेबर रूमची ड्यूटी, रात्री येणारे फोन, पीजींच्या केसेस, यूजींची लेक्चरं, शिबिरं, इन्स्पेक्शनच्या फायली. सहकाऱ्याला लेक्चर, प्रॅक्टिकल आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची जबाबदारी. समजण्यासाठी आकडे घेऊ, हे कुणाचे खरे आकडे नव्हेत. त्यांना संशोधनाला आठवड्याला १५ तास मिळतात, तुम्हाला ३. वर्षाचे ४८ आठवडे धरले तर पाच वर्षांत त्यांचे ३,६०० तास, तुमचे ७२०. त्यांचे १२ पेपर आणि तुमचे ५ असतील तर त्यांच्या एका पेपरला ३०० तास लागले, तुमच्या एका पेपरला १४४. अंशात ते दुपटीहून जास्त, भागाकारात तुम्ही.

हा हिशोब समितीपुढे ठेवताना सांभाळून. तो सहकारी तुमचा शत्रू नव्हे. प्रयोगशाळेतलं काम तासच खातं, रसायनं येईपर्यंत महिने जातात, आणि त्याचा एक पेपर तुमच्या केस सिरीजपेक्षा अवघड असू शकतो. शिवाय तासांना गुण मिळणार म्हटल्यावर उद्या सगळेच सांगतील, आम्हाला संशोधनाला वेळच नाही. म्हणून तास तोंडी सांगायचे नाहीत. ड्यूटी रोस्टर, ओटी लिस्ट, डिलिव्हरी रजिस्टर, टाइमटेबल यांतून काढायचे. हे कागद प्रत्येक महाविद्यालयात आहेत. मी एका वर्षी एका विभागाचे काढले होते. दोन दुपारी गेल्या, बाकी काही नाही. छेदात वेळेशिवाय आणखीही येतं: पैसा मिळाला का, विभागाला सांख्यिकी जाणणारा माणूस आहे का, ग्रंथालयातून पूर्ण लेख मिळतो का, बाळंतपणाची रजा झाली का, कोविडमध्ये कुणी किती महिने वॉर्डात काढले. प्रसूतीची रजा वर्षांतून वजा करायला समितीला नियम लागत नाही, वजाबाकी यावी लागते.

आणि आपल्या भागाचा छेद जास्त जड का, तेही लिहून द्या. आपल्याकडे एकाच ओपीडीत मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमतीपत्र सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत हवं. म्हणजे प्रत्येक अभ्यासाला किमान दोन भाषांतली संमतीपत्रं, दोन भाषांतल्या प्रश्नावल्या, उलट भाषांतर करून तपासणं, आणि मग खेड्यात जाऊन ‘उदास वाटतं का’ हा प्रश्न खानापूरच्या जंगलातल्या वाडीत आणि अथणीच्या मळ्यात एकाच अर्थाने पोचतो का ते बघणं. बेंगळुरूच्या सहकाऱ्याला यातलं निम्मं लागत नाही. तुम्ही प्रश्नावलीची मराठी आवृत्ती तयार केलीत, ती दोन जिल्ह्यांत वापरात आहे. तक्त्यात तिला रकाना नाही.

दुसरं, फॉलो-अप. आपल्याकडे चंदगड, गडहिंग्लज, दोडामार्गचे रुग्ण येतात. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर राज्याच्या रेषेपलीकडे. गरोदरपणातल्या तपासण्या इकडच्या थायी कार्डावर, बाळाची लस तिकडच्या कार्डावर, आशाताई दोन, सरकारं दोन, सॉफ्टवेअर दोन. सहा महिन्यांनी ती बाई ‘लॉस्ट टू फॉलो-अप’. ती हरवलेली नसते हो, आईच्या घरी असते. तिला शोधायला तुमचा रविवार जातो, आणि मग परीक्षक विचारतो की नमुना एवढा लहान का?

माझी एक चूक सांगतो, तुमच्या कामी येईल. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या समितीत होतो तिच्यापुढे एका बालरोगतज्ज्ञांचा अर्ज आला. दोनच पेपर. आम्ही खालचे गुण दिले, मीही सही केली. नंतर कळलं की या गृहस्थांनी आठ वर्षं नवजात बालकांची एक नोंदवही स्वतः चालवली होती, वजन, गर्भाचे आठवडे, ताप, मृत्यूचं कारण, सगळं हाताने. त्या नोंदवहीवर पाच पीजींची डिझर्टेशनं झाली आणि दुसऱ्या एका प्राध्यापकाचे चार पेपर. त्यांचं नाव एका ठिकाणी आभारात होतं. अंश दुसऱ्याच्या खात्यावर आणि छेद यांच्या. लेखकत्वाचे आंतरराष्ट्रीय निकष कडक लावले तर नुसती माहिती गोळा करणारा लेखक होत नाही हे खरं. पण त्यांना मसुदा वाचायलाच दिला नव्हता, मग निकष पुरा करणार कसा? आता ‘क्रेडिट’ नावाची चौदा भूमिकांची पद्धत बऱ्याच जर्नलांत आहे, कल्पना कुणाची, माहिती कुणी सांभाळली, विश्लेषण कुणाचं, हे वेगवेगळं लिहितात. मी समितीत असतो तर लेखकांच्या क्रमाआधी तेच वाचेन.

खोट्या जर्नलांवर थोडक्यात. आठ दिवसांत स्वीकार, व्हॉट्सअॅपवर आमंत्रण, संपादकाचा पत्ता नाही आणि पैसे आधी, एवढं दिसलं की उठा. निपाणीच्या जुन्या तंबाखूवाल्यांना विचारा, पाला दमट केला की वजन वाढतं, माल वाढत नाही. नुसती संख्या मोजणाऱ्या समित्यांनी हा ओलावा विकत घेतलाय. यूजीसीने जर्नलांची यादी केली, २०२५ मध्ये तीही बंद केली. यादीपेक्षा पेपर वाचणं बरं, पण त्याला वेळ लागतो, आणि समितीच्या छेदातही वेळ कमीच असतो.

तर समितीपुढे काय मांडायचं? तक्ता रद्द करा असं म्हणू नका. तो कुणीतरी कष्टाने केलाय, आणि त्याच्याऐवजी ‘आमचे सर ठरवतील’ हे माप आलं तर ते याहून वाईट. आकडा निदान सगळ्यांना दिसतो. तुम्ही दोन पानांचं टिपण द्या. पहिल्या पानावर तुमचे निवडक पाच पेपर, अकराच्या अकरा नकोत. प्रत्येकापुढे तीन ओळी: प्रश्न काय होता, तुम्ही नेमकं काय केलंत, त्याने कुठे काय बदललं. रक्तक्षयाच्या पेपरपुढे आयसाइटचा आकडा. चाचणी असेल तर सीटीआरआयचा (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदणीचा) क्रमांक, आणि निकाल छापला की नाही तेही, कारण नोंदवून निकाल दाबणाऱ्यांपेक्षा तुम्ही वेगळ्या दिसायला हव्यात. दुसऱ्या पानावर छेद: पाच वर्षांचे रोस्टरवरून काढलेले तास, मिळालेला निधी, रजेचे महिने, दोन भाषांचं काम, नोंदवह्या. शेवटी एकच विनंती, तुलना त्याच विषयातल्या, त्याच पदावरच्या लोकांशी व्हावी. ओबीजीचा असोसिएट प्रोफेसर ओबीजीच्याच असोसिएट प्रोफेसरशी तोलावा. शेजारच्या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत त्या पदावर कोण आहे आणि त्यांचे स्कोपसचे आकडे काय, हे तुम्हीच तासाभरात काढून जोडू शकता.

प्रोफाइल जोडायला आठवडे लागतात, म्हणून ती विनंती आजच पाठवा, टिपण नंतर लिहा. आणि बैठकीच्या आदल्या रात्री तो ४१ सायटेशनचा पेपर स्वतः पुन्हा एकदा वाचून जा. समितीत एखादा जण वाचून आलाच, तर प्रश्न त्यातल्या दुसऱ्या तक्त्यावर येईल. त्या तक्त्यात टक्केवारीची बेरीज ९९ होते, ते का हे मलाही अजून समजलेलं नाही.